तुमच्या विनंतीवरून

आम्ही राण्या विकतो.
क्रान्य गावात, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांतून.
काडेपेटीएवढ्या पिंजऱ्यात एक राणीमाशी,
सोबत सात-आठ कामकरी
आणि साखरेच्या पिठाचा एक खडा.
वर भोकं पाडलेलं पाकीट.
टपालखात्याला सवय आहे.

शुक्रवारी पावणेसहाला
मला एकच ऑर्डर रद्द करायची होती.
बोगोमीरनं बटण दोनदा दाबलं होतं, त्यातली दुसरी.
मी टिचकी मारली ती सगळ्यांत वरच्या चौकटीत,
आणि ती चौकट म्हणजे खालच्या साऱ्या.
खात्री आहे का, विचारलं त्यानं.
हो म्हणायची बोटांना खोडच.

एकतीस.

माझा हात तोंडाकडे जाईपर्यंत
एकतीस पत्रं गेलीसुद्धा :
तुमची ऑर्डर तुमच्या विनंतीवरून
रद्द करण्यात आली आहे.

कारणांची यादी मी नंतर उघडून पाहिली.
ग्राहकाची विनंती. माल संपला.
पैसे मिळाले नाहीत. व्यवहार संशयास्पद.
माझी चूक, असं कारण तिथे नाही.
काहीच निवडलं नाही
तर पहिलं आपसूक लागतं.

आणि रद्द झालेलं परत उठत नाही.
नवी ऑर्डर, नवा नंबर, पैसे नव्याने भरा,
जुने निघालेत, पोचतील चार-पाच दिवसांत.
दामियान म्हणाला, सोमवारी बघू.
टेबलावर एकतीस पाकिटं बारीक गुणगुणत होती.
त्यांना कुणी कळवलं नव्हतं.

मी फोन लावत बसले.
बोगोमीर म्हणाला, मी विनंती केली असती
तर मला आठवली असती. मी फारशा करत नाही.
एकजण म्हणाला, बरंच झालं, बायको ओरडतच होती.
एक बाई पैसे परत भरेना, तिचंही खरं होतं :
चूक तुमची, आणि खिसा दोनदा माझा?
तिची राणी मी माझ्या पगारात लिहिली.
रात्री अकरापर्यंत एकोणतीस.

आमच्या भाषेत
मधमाशी माणसासारखी मरते.
गाय, कुत्रा, घोडा यांना दुसरं क्रियापद आहे,
खालच्या पायरीवरचं.
माशीला आपलं.
यंत्राकडे मात्र सगळ्यांना मिळून एकच शब्द.

तिसावा फोन बोहिनला. यर्नेय नावावर.
उचलला झोरकाबाईंनी.
तुमचं पत्र आलं, म्हणाल्या.
मी माफीचं वाक्य सुरू करणार तेवढ्यात
त्यांनी विचारलं,
कधी केली त्यानं विनंती?
वार नको. वेळ सांगा.

त्याला जाऊन नऊ दिवस झाले होते.

मला खोटं सुचलं नाही.
सुचलं असतं तर कदाचित बोलले असते.
मी म्हटलं, त्यांनी नाही केली. मी केली. चुकून.
पलीकडे बराच वेळ
भांडं घासल्याचा आवाज.
मग : हं. वाटलंच.
त्याला नको असतं तर तो मला बोलला असता.

कार्ड त्याचं, आता बंद.
परत निघालेले पैसे कुठे जातील
हे दामियानला माहीत नाही, बँकेलाही नाही.

शनिवारी सकाळी गाडी काढली.
पिंजरा शर्टाच्या खिशात, ऊब लागते म्हणून.
पंचावन्न किलोमीटर
छातीपाशी कुणी तरी चिडून बसलेलं.

पेट्या रंगवलेल्या. एका फळीवर
अस्वल शिकाऱ्याला पुरतंय.
मधल्या पेटीत राणी नाही, दोन आठवडे झाले,
तिच्या माश्यांचा सूर वेगळा लागतो,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण ऐकू आलं.

झोरकाबाईंनी पिंजरा उन्हाकडे धरून पाहिला,
बाजारात वांगं पाहावं तसा.
मग म्हणाल्या, पावती?

नवा नंबर नको होता त्यांना.
मी खाकी पाकिटाच्या मागे
जुनाच नंबर लिहिला, त्याचंच नाव,
आणि कारणापुढे थांबले.

लिही ना, म्हणाल्या.
मला चहा टाकायचाय.